हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायच्या आधी मी थांबले

अक्का_पूर्वभाग · १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

गेली चार-पाच वर्षं मी इथं फक्त वाचत आलेय. आज लिहितेय, कारण घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही आणि पोटात ठेवलं तर झोप येत नाही.

मी ४४ वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे. भावंडांत मोठी म्हणून दोघे भाऊ 'अक्का' म्हणायचे, पुढं अख्ख्या गल्लीनं तेच नाव धरलं. माझं खरं नाव पगारपत्रकावर आहे. ते तोंडानं कुणी घेतल्याला बरेच दिवस झाले.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीला होते. त्या वर्षापासून घर आईच्या सुपावर चाललं. मांडीवर सूप, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळलं की दोरा. मी पुस्तक पुढ्यात ठेवून दोरे बांधायचे.

शेजारी एक काका चादरींची नक्षी काढायचे. ग्राफ पेपर घ्यायचा, लाल पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायचा. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते त्या चौकोनावरून ठरतं. मग त्याची पंचकार्डं तयार होऊन जकार्डवर, म्हणजे मागाच्या नक्षीच्या यंत्रावर चढतात. सुट्टीत मी त्यांच्या पायरीवर बसून बघायचे. एकदा त्यांनी मोराच्या पिसाऱ्याचा एक कोपरा मला भरायला दिला. ती चादर विणून आली तेव्हा मी तो कोपरा बोटांनी चाचपून बघितला होता. आमच्या घरात ती विरेपर्यंत वापरली.

मला ते काम शिकायचं होतं. ठरलं मात्र डी.एड. कुणी ठरवलं म्हणाल तर एकट्या कुणी नाही. मामा म्हणाले, "पोरीला मास्तरकी बरी." वडील हो म्हणाले, आई गप्प बसली, मी फॉर्म भरला. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना तीन हजार. त्यातून धाकट्याचं इंजिनिअरिंग सुरू झालं. पुढं मधल्याचं दुकान. स्थळं येत होती. "धाकट्याचं तेवढं होऊ दे" म्हणत म्हणत ती यायची थांबली. मी कुणाला दोष देत नाही. मीही कधी "नाही" म्हटलेलं नव्हतं.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. घर त्यांनी स्वतः घेतलेलं, त्यांच्याच नावावर आहे. आता मधल्याला वर दोन मजले चढवायचेत आणि बँकेला कागद स्वच्छ पाहिजेत. म्हणून आईनं आणि मी दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं ठरलं. "तुला काय करायचंय घर, तू आमच्यातच राहणार की," असं मधला म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

गेल्या गुरुवारी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. फोटो झाला. अंगठ्याच्या यंत्राजवळ मी हात नेला. समोरच्या अधिकाऱ्यांनी स्क्रीनवरून नजर उचलली आणि विचारलं, "दस्त वाचलाय ना? लिहून दिलेलं कबूल आहे?"

ते रोज पन्नास जणांना हे विचारत असतील. पण विचारून ते थांबले. माझ्याकडं बघत, उत्तराची वाट बघत थांबले. मला आठवेना, की याआधी मला असं विचारून कोण थांबलं होतं. डी.एड.ला नाही, स्थळांच्या वेळी नाही, दुकानाच्या पैशांच्या वेळीही नाही. मी म्हणाले, "वाचलेला नाही. आज नको."

आईनं कोपर मारलं. मधल्याचा चेहरा पांढरा पडला. रिक्षात घरापर्यंत कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून घरात भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

मला घर विकायचं नाही. भावांना कोर्टात खेचायचं नाही. वरच्या मजल्यावर पूर्वेकडच्या खोलीत सकाळी चांगला उजेड येतो, ती खोली मला माझी म्हणून हवी आहे, एवढंच आत्ता स्पष्ट कळतंय. बाकी काही कळत नाही. हे मी विचारानं केलं की नुसता साठलेला राग होता? आणि जिनं स्वतःचं म्हणून काही ठरवलंच नाही, तिनं ४४ व्या वर्षी सुरुवात कुठून करायची?


साखरपेठची_लेक · १८ नोव्हेंबर, रात्री ११:३२

अक्का, वाचून अंगावर काटा आला. उद्या सविस्तर लिहिते. आज एवढंच की तुम्ही बरोबर केलंत.


धोटा · १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालवतो. वय ५२. मी काही शिकलेला नाही, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडं सांगण्यासारखं आहे.

आमच्याकडं उलटं झालं. वडील म्हणायचे, माग भंगारात घाल आणि नोकरी धर. ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या ओळीतले किती तरी माग वजनावर गेलेले मी डोळ्यांनी बघितलेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापूरचं नाव लावून दुसरीकडचा स्वस्त माल बाजारात येतोच. तरी मी राहिलो. आणि पुढची दहा वर्षं मी सगळ्यांना काय सांगत फिरलो माहीत आहे? "बापाच्या धंद्यात अडकलो." जो बाप जा जा म्हणत होता त्याच्याच नावावर मी माझा निर्णय खपवला. ऑर्डर गेली की बाप आठवायचा, सूत महागलं की बाप आठवायचा.

वडील गेल्यावर हे सगळं मला कळलं, कारण शिव्या घालायला कुणी उरलं नाही. राहायचं मीच ठरवलं होतं. मला मागाचा आवाज आवडतो. ते स्वतःशी कबूल केल्यावर मी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला, चादर कमी केली, टॉवेल वाढवला. आज फार कमावतो असं नाही, पण रडत नाही.

आणखी एक सांगतो. ताण्याचा एक धागा जरी फणीच्या चुकीच्या घरात ओवला गेला, तर सबंध कापडाला उभी रेघ येते. लक्षात आलं की माग थांबवायचा, तेवढा धागा तोडायचा, परत ओवायचा. थांबलं की मजुरी बुडते, शेजारचे बघतात. पण पुढचं कापड नीट येतं. मागचं तसंच राहतं, ते विकायचं त्या भावात विकायचं. तुम्ही गुरुवारी माग थांबवलात असं मला वाटलं. राग असेलही. राग आल्याशिवाय आपण तरी कुठं थांबतो?


शाई_आणि_शिक्का · १९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मी दिवाणी वकिली करते. तुमची कागदपत्रं बघितल्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही, पण सर्वसाधारण कायदा सांगते. या धाग्यावर अशा किती तरी बहिणी नुसत्या वाचत असतील.

घर वडिलांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखे हिस्से. तुमची आजी हयात नाही असं धरलं तर वारस चार : आई, तुम्ही, दोन भाऊ. प्रत्येकाला एक चतुर्थांश. लग्न झालं की नाही, याचा इथं काही संबंध नाही. घर वडिलोपार्जित असतं तर हिशेब थोडा वेगळा झाला असता. तिथंही मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं ही सुधारणा १९९४ मध्येच, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींसाठी केली होती. देशभर ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

त्या अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न सवयीचा असला तरी पोकळ नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं लिहून देणाऱ्याची कबुली घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कबुली नसेल तर दस्त नोंदवता येत नाही. नोंद झाल्यावर मात्र चित्र बदलतं. दबावाखाली सही केली म्हणून दस्त रद्द करून मागता येतो, पण दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. मारहाण सिद्ध होते, धमकी सिद्ध होते. "आई रडत होती म्हणून सही केली" हे सिद्ध करायला गेलेल्या बायका मी बघितल्यात. हाती फारसं काही लागत नाही.

कर्जासाठी हक्क सोडणं हा एकच रस्ता आहे, असंही नाही. सगळे सहहिस्सेदार सहकर्जदार म्हणून सह्या करतात आणि कर्ज मिळतं. बँकेत एकदा चौघांनी मिळून विचारा. फक्त सहकर्जदार म्हणजे फेडीची जबाबदारीही तुमच्यावर येते, हे समजून सही करा.

हक्क सोडणं हाही तुमचा अधिकारच आहे. समजून, राजीखुशीनं सोडलात तर त्यात वाईट काही नाही. आणि तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट ओझरती येऊन गेली, ती परत वाचा. त्या दस्तावर तुमच्या आईचंही नाव होतं. त्यांनी तो वाचला होता का?


बाळेकर · २० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मी ७१ वर्षांचा आहे. इथं सगळे एकाच बाजूनं बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. कुणाला दुखवायचं नाही.

माझ्या तीन बहिणींनी शेताचे हक्क सोडले. तिघींची बाळंतपणं आमच्या घरी झाली. पंचमीला, दिवाळीला एकही वर्ष असं गेलं नाही की मी गाडी घेऊन आणायला गेलो नाही. मधलीचा नवरा गेला तेव्हा तिची दोन्ही पोरं माझ्या घरात शिकली. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडून तशी अपेक्षा होती आणि मी ती पुरी केली. तुम्ही अपेक्षांना बेड्या म्हणता. आमच्या पिढीचं घर त्यांच्यावरच उभं होतं. प्रत्येकानं "माझं मी ठरवणार" म्हटलं असतं तर त्या दोन पोरांचं कोण बघणार होतं?

अक्काबाई, तुम्ही भावांसाठी जे केलंत ते मोठं आहे. ते कुणी हिसकावून घेतलं असं आता म्हणू नका. त्यानं तुमचंच केलेलं लहान होतं.


अक्का_पूर्वभाग · २० नोव्हेंबर, रात्री ९:१५

बाळेकर काका, तुमचं शेवटचं वाक्य मी दिवसभर शाळेत डोक्यात घेऊन फिरले. ते खरं आहे. धाकट्याच्या पहिल्या फीचे पैसे मी पोस्टातून काढून आणले तेव्हा मला आनंद झाला होता. तो खोटा नव्हता. तो दिवस परत आला तर मी परत तेच करीन.

पण काका, तुमच्यात आणि माझ्यात एक फरक आहे. तुम्ही गाडी घेऊन बहिणीला आणायला जायचात, ते तुम्ही जायचात. उद्या जाणार नाही म्हणायची सोय तुम्हाला होती, आणि तरी गेलात. म्हणून बहिणींना त्याचं मोल वाटलं असेल. माझ्या बाबतीत मी "नाही" म्हणू शकते, हे कुणाच्या गावीच नव्हतं. माझ्यासुद्धा. गुरुवारी ते पहिल्यांदा सगळ्यांना कळलं आणि सगळेच घाबरलो.

वकीलताई, आईनं वाचला नव्हता. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. लिहितानाही माझ्या ते लक्षात आलं नाही. मला याची लाज वाटतेय.


विजापूर_वेस · २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

आपल्या गावातली दोन माणसं या धाग्यामुळं आठवली.

वालचंद हिराचंद इथलेच, जन्म १८८२. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा चांगला चालला होता. गादीवर बसायचं सोडून ते रेल्वेच्या कंत्राटात उतरले, ते एका माजी रेल्वे कारकुनाला, लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन. पुढं जहाजं, विमानं, मोटारी हे सगळं आलं. आज त्यांच्या नावानं इथं कॉलेज आहे. पण बसलेली घडी मोडून माती-खडीच्या कामात शिरताना त्यांना घरात काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज अक्कांच्या लिखाणावरून येतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसही सोलापूरचेच, जन्म १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. बाकीचे परतले, ते राहिले. ते तिकडं असताना इकडं वडील गेले. १९४२ च्या डिसेंबरात तेही तिथंच गेले, वय ३२. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात मी जेव्हा जातो तेव्हा मला त्यांच्याइतकीच त्यांच्या घरच्यांची आठवण येते. एखादा स्वतःचं ठरवतो तेव्हा किंमत तो एकटा मोजत नाही. बाळेकर काकांच्या म्हणण्यातला एवढा भाग मला पटतो. ठरवू नये असं मात्र त्यातून निघत नाही.


हुतात्मानं_घरी · २३ नोव्हेंबर, रात्री १२:१०

मी तुमच्या धाकट्या भावासारखा. सोलापूरचा, पुण्यात आयटीत. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची, रविवारी परत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीनं हक्कसोड करून दिलं. मी रजा टाकून आलो होतो. दुपारी बाराला काम झालं, मग आम्ही सगळे हॉटेलात जेवलो. माझ्या मोबाइलमध्ये त्या जेवणाचा फोटो आहे. सगळे हसतायत, तीही हसतेय. हा धागा वाचल्यावर तो फोटो उघडून तिचा चेहरा मोठा करून बघितला आणि मला काही कळलं नाही. तिला काय वाटत होतं ते मला कळलं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलोय.

काल तिला फोन केला. विचारलं, "तायडे, सही करताना तुला काय वाटलं होतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता का विचारतोयस?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली की घर तुलाच द्यायचं होतं, त्यात वाईट वाटलं नाही. "पण तू आदल्या दिवशी रात्री फोन करून 'उद्या अकराला ये, आधार कार्ड आण' एवढंच म्हणालास. 'देशील का?' असं म्हणाला असतास तर मी आनंदानं दिलं असतं. आता दिलंय, पण दिल्याचा आनंद नाही मिळाला."

एका शब्दाचं काम होतं. मी ते केलं नाही. अक्का, तुमच्या भावांना माझी ही पोस्ट वाचायला द्या, वाटलं तर.


चौथा_प्रयत्न · २५ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

सगळ्यांचं वाचलं. माझं वय २६. राज्यसेवेचा चौथा प्रयत्न. रोज सकाळी आठला अभ्यासिकेत, रात्री नऊला घरी. पप्पा प्रत्येक लग्नात "आमची पोरगी साहेब होणार" म्हणून सांगतात. मी नापास होते तेव्हा मला माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडाचं वाईट वाटतं.

माझी अडचण वेगळी आहे. तुम्ही म्हणता स्वतःचं ठरवा. मला काय हवंय हेच मला माहीत नाही. अक्कांना निदान ग्राफ पेपर आठवतो. मला असं काहीच आठवत नाही. पप्पांचं स्वप्न काढून टाकलं तर मागं कोरी भिंत आहे.


वर्गाबाहेर · २६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. चौथा_प्रयत्न, तुझ्यासाठी आणि अक्कांसाठीही लिहितोय.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मुळातल्या तीन मानसिक गरजा मांडल्या. आपण करतो ते आपल्या मनाला पटलेलं असणं, ते आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं असणं. पहिलीला स्वायत्तता म्हणतात आणि तिचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा घेतात, की एकटं राहणं, कुणाचं न ऐकणं. त्यांचं म्हणणं तसं नाही. वडिलांचं ऐकूनही माणूस स्वायत्त असू शकतो, जर त्यानं ते स्वतः तपासून आपलंसं केलं असेल. बाळेकर काकांनी बहिणींसाठी केलं ते मला त्यात बसताना दिसतं. धोटा यांचं मागावर राहणंही, पण दहा वर्षांनंतर.

उलट एक प्रकार असतो, जो बाहेरून दिसतच नाही. कुणी जबरदस्ती करत नाही, पण केलं नाही तर अपराधी वाटेल म्हणून माणूस करत राहतो. दुसऱ्याचा आवाज आपल्याच आवाजात आतून ऐकू येतो. त्यात यश मिळालं तरी हायसं वाटतं, आनंद होत नाही. निकाल चांगला लागला तर तुला पहिल्यांदा काय वाटेल, याचा विचार कर. "पप्पांची मान वर झाली" असं वाटणं वाईट नाही. फक्त तेच वाटलं तर लक्ष दे.

आणि कोऱ्या भिंतीला घाबरू नकोस. वर्षानुवर्षं निवडच केली नसेल तर आवड लगेच सापडत नाही. अभ्यासिकेतला एक तास काढ आणि तो कुणालाही न सांगता स्वतःच्या मर्जीनं घालव. काय केलंस ते इथंही सांगू नकोस.


अक्का_पूर्वभाग · २६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

चौथा_प्रयत्न, बाळा, माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी आहे. तिला "कुठला रंग घेऊ?" असं विचारल्याशिवाय चित्र रंगवता यायचं नाही. मी दोन महिने तिला एकच उत्तर दिलं : "मला माहीत नाही, तू सांग." पहिले काही दिवस ती रडकुंडीला यायची. परवा तिनं आख्खं झाड जांभळं रंगवलं. तुला वेळ लागेल, लागू दे.


अक्का_पूर्वभाग · ९ डिसेंबर, सकाळी ६:१०

काय झालं ते सांगते.

आमच्याकडं पाणी चार दिवसांआड येतं. आज पहाटे साडेतीनला आलं. आई अंगणात पिंपात पाइप धरून उभी, मी आतली भांडी भरत होते. त्या गुरुवारपासून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मी कळशी घेऊन बाहेर आले आणि कसं कोण जाणे बोलून गेले, "आई, त्या कागदावर तुझाबी हक्क सोडायचा होता. घरात तुझा चौथा हिस्सा आहे."

ती म्हणाली, "माझा? मी कुठं गिरणीत हुते? घर त्यांनी घेतलं."

मी म्हणाले, "घेतलं त्यांनी. गिरणी बंद झाल्यावर हप्ते कशातून गेले?"

आई काही बोलली नाही. पिंप भरलं, वरून वाहायला लागलं, पाणी तिच्या पायांवरून गटारीकडं जायला लागलं. जी बाई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते, तिनं पाइप काढला नाही. मीच जाऊन काढला आणि दुसऱ्या पिंपात सोडला. मग ती म्हणाली, "मग माझं नाव लिव्हून येतंय का त्या कागदावर?"

मी म्हणाले, येतं. सध्या एवढंच.


बाळेकर · १० डिसेंबर, सकाळी ८:००

अक्काबाई, माझ्या आईचं नाव आमच्या सातबाऱ्यावर कधी लागलं नाही. वडील गेल्यावर थेट माझं लागलं. तिनं कधी मागितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. मी आधी लिहिलेलं मागं घेत नाही. पण आईचं नाव लावा.


धोटा · १० डिसेंबर, सकाळी ८:२५

काका, पाया पडतो.


अक्का_पूर्वभाग · २४ जानेवारी, रात्री १०:०५

गड्ड्याची जत्रा झाली, संक्रांत झाली. पुष्कळ जणांनी निरोपातून विचारलं म्हणून लिहिते.

सगळं गोड झालेलं नाही. मधला संक्रांतीला तिळगूळ घ्यायला खाली आला नाही, वहिनी आली. हुतात्मानं_घरी यांची पोस्ट मी दोघांना पाठवली होती. धाकट्यानं रात्री अडीचला फोन केला आणि खूप वेळ फीच्या पैशांबद्दल बोलला. कधी किती दिले होते ते त्याला सगळं आठवत होतं, मला वाटलं होतं विसरला असेल. तो म्हणाला, "अक्का, तुला जे पाहिजे ते मला चालेल." मी म्हणाले, "चालेल नको. तुला काय पाहिजे ते सांग, मग माझं सांगते." आम्ही दोघांनी सांगितलं. थोडं जुळलं, थोडं नाही.

बँकेत चौघांनी मिळून जायचं ठरलंय. मी सहकर्जदार होणार आहे, आणि ते काय असतं ते समजून घेऊन होणार आहे. मजले चढतील. पूर्वेकडची खोली माझी राहील, हे मी लिहून मागितलंय. त्यावर मधला अजून हो म्हणालेला नाही. मी वाट बघतेय, पण सही करून वाट बघत नाहीये.

ग्राफ पेपरचं बंडल आणलं. इतक्या वर्षांनी पिसाऱ्याचा कोपरा भरायला घेतला तर हात जड झालाय, चौकोन मोजताना चुकतो. ते काका आता राहिले नाहीत. धोटा यांनी त्यांच्या ओळखीच्या एका डिझाइनरकडं रविवारी बसायची सोय करून दिलीय. तिथं आता सगळं संगणकावर चालतं. मी शिकतेय.

आणि काल मालमत्ता पत्रकाचा उतारा हातात आला. वारस म्हणून चार नावं लागली. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा पुसला, उतारा दाराजवळ उजेडात नेला आणि बोट ठेवून स्वतःचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग खालचं माझं वाचलं, सबंध, वडिलांच्या नावासकट. आत जाऊन तिनं तो डबा आणला, ज्यात तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र असतं. म्हणाली, "ह्याची झेरॉक्स काढून आण, ह्यात ठेवते."

मी चप्पल घालत होते तर मागून आवाज आला, "दोन काढ गं. एक तुझ्या मामाला दाखवायची हाय."